आमच्या आधी निघालेले गाठोडे

कोथरूड, पुणे
वैशाख वद्य पक्ष (तिथी पाहायला मान खाली घालावी लागते, ती घालता येत नाही)

ती. शैलाताईस,

धाकट्या भावाचा, साष्टांगातली जेवढी अंगे सध्या चालू आहेत तेवढ्यांनी केलेला नमस्कार. तुझे गुडघे, भावोजींची साखर आणि वरच्या मजल्यावरचे भाडेकरू, ही तिन्ही आहेत तिथेच असोत, वर न चढोत, ही प्रार्थना. आम्ही इथे खुशाल आहोत असे लिहिण्याची रीत आहे, म्हणून लिहितो. फोन सोडून पत्र का, असे तू विचारशील. फोनवर तू बोलतेस. मला जे सांगायचे आहे ते सलग आहे, आणि त्यात मध्येच सांगलीचे ऊन आणि कैऱ्यांचा भाव येऊन चालणार नाही.

मुळात हे सगळे तुझ्यामुळे झाले. चैत्रात तू फोनवर म्हणालीस की मुलांना सुट्टीत डोंगर दाखवा, मोबाईल पुरे झाले. तू बोललीस आणि कैरीचे पन्हे करायला निघून गेलीस. इकडे तुझ्या लेकीने, अस्मिताने, ते मनावर घेतले, आमोदने, म्हणजे जावयाने, गाडीत हवा भरली, आणि 'मामा-मामी बरोबर असतील तर मुलं ऐकतील' या निराधार समजुतीवर आम्हा दोघांना मागच्या सीटवर मुलांच्या दोन बाजूंना खोचण्यात आले. डोंगर दाखवायचे म्हणजे काय, हेही मला कळलेले नाही. तुझा नातू गंधार राहतो धायरीला. त्याच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून सिंहगड दिसतो. सात वर्षांच्या त्या आयुष्यात दूध पिताना रोज एक डोंगर समोर आहे. त्याला घाटात नेऊन 'तो बघ डोंगर' म्हणणे म्हणजे मासळीबाजारात नेऊन मांजराला मासा म्हणजे काय ते समजावणे होय. पण असो. मोठ्या बहिणीची आज्ञा.

आमोदची रजा गुरुवारपासून. जायचे दक्षिणेला: भोर, वरंधा घाट, पोलादपूर, आणि तिथून पुन्हा घाट चढून महाबळेश्वर. आता गुरुवारी दक्षिणेला दिशाशूल, हे आपल्या घरात जन्मलेल्याला सांगावे लागत नाही. मी ते जावयाला सांगितले. (तो संगणकावर साऱ्या जगाच्या घड्याळांशी जुळवून घेतो, पण आपल्या एका गुरुवाराशी त्याचे जुळत नाही.) तो म्हणाला, 'मामा, रजा अप्रूव्ह झाली आहे.' म्हणजे शास्त्राहून वर त्याचा मॅनेजर. तेव्हा मी वाद न घालता मार्ग काढला, आणि तो मार्ग तुझ्या चांगल्या ओळखीचा आहे. प्रस्थान ठेवले. आपले नाना सांगलीहून मिरजेला जातानासुद्धा ठेवायचे, आठवते ना? ज्या दिवशी निघणे वाईट त्याच्या आदल्या चांगल्या दिवशी, सुपारी, हळकुंड, तांदूळ आणि आपल्या मनाला प्रिय अशा वस्तू एका फडक्यात बांधायच्या आणि जायच्या दिशेच्या एखाद्या घरी नेऊन ठेवायच्या. म्हणजे आपण त्या चांगल्या दिवशीच निघालो असे होते. दुसऱ्या दिवशी जाता जाता गाठोडे उचलायचे आणि चालू लागायचे. इतका सोयीचा, इतका सभ्य उपाय. रजा मॅनेजरची राहते आणि दिवस आपला राहतो.

बुधवारी संध्याकाळी अस्मिता, आमोद आणि मुले धायरीहून आमच्याकडे मुक्कामाला आली. प्रत्येकाने आपापली प्रिय वस्तू द्यावी असे मी जाहीर केले. श्यामलेने आलेपाकाचा डबा दिला. (आमची नावे जुळतात, आवडी नव्हेत. पण घाटात आलेपाक हा तिचा प्राण आहे.) गंधारने काडेपेटीत जपलेला, नुकताच पडलेला स्वतःचा दात दिला. आमोदने फोनची वायर दिली आणि तो हसला, पण दिली. मी वाचायचा चष्मा दिला. अस्मिता म्हणाली, माझी प्रिय वस्तू झोप आहे, ती गेल्या चार वर्षांत दिसलेली नाही, सापडली तर बांधा. राहिली धाकटी मैत्री. ती जेवून झोपली होती, आणि तिच्या मुठीत नेहमीप्रमाणे तिचे 'मऊ' होते.

'मऊ' तुला माहीत आहेच, कारण ते तुझेच. तुझ्या जुन्या इरकली लुगड्याच्या पदराचा तो वीतभर तुकडा, जो तू बाळंतपणात दुपट्याला जोडलास आणि जो आता दुपट्याला सोडून मैत्रीला जोडलेला आहे. ते नाकाशी धरल्याशिवाय ती झोपत नाही. दिवसा नाही, रात्री नाही, गाडीत नाही. हे मला ठाऊक होते. पण घरातल्या एका माणसाचेच प्रस्थान ठेवायचे राहिले तर ते अपूर्ण राहते, आणि ते माणूस चार वर्षांचे म्हणून त्याच्यावर अन्याय करायचा? मी तो तुकडा तिच्या मुठीतून अलगद सोडवला. सकाळी तिला झोपेतच गाडीत ठेवायचे होते, तोवर गाठोडे हातात आलेच असते. (हा तपशील अस्मिताला ठाऊक आहे. त्यावर आमचे बोलणे झालेले आहे. बोलणे तिने केले.)

गाठोडे ठेवले चैतालीकडे. आमच्याच मजल्यावर, दक्षिणेचे दार. मुलगी गुणी आहे, नवराबायको दोघेही हिंजवडीला जातात, सोसायटीच्या सभेत वेळेवर येणारी तेवढीच. त्यांच्या घरात मुहूर्त, दिशा असले काही मानत नाहीत, आणि न मानल्यामुळे त्यांचे काही अडलेलेही माझ्या पाहण्यात नाही. म्हणून मी तिला सगळे नीट समजावून सांगितले. दिशाशूल म्हणजे काय, प्रस्थान का ठेवतात, ते एकदा ठेवले की घराकडे मागे फिरवायचे नाही, वाटेत रेंगाळवायचे नाही, दक्षिणेलाच जायला हवे. तिने चहा केला, शेवटपर्यंत ऐकले, दोन शंका विचारल्या. तीस वर्षे शाळेत संस्कृत शिकवतो आहे, इतका लक्ष देणारा विद्यार्थी मला मिळालेला नाही. सगळे सांगितले, ताई. गाठोडे न्यायला सकाळी आम्ही येणार, एवढे एक वाक्य राहिले.

गुरुवारी पहाटे तिच्या दाराला कुलूप. ती मंडळीही सुट्टीला निघालेली. गाठोड्यासकट.

आता मला सांग, ही चूक कुणाची? मी रागावलो आहे, पण कुणावर रागवायचे ते सापडत नाही म्हणून अधिक रागावलो आहे. दारापाशी उभे राहून मी फोन लावला, तो उचलला गेला नाही. आमोद खाली हॉर्न वाजवत होता. निघताना मागे फिरू नये म्हणून मी पुढे निघालो. अर्ध्या तासात गाडी नवले पुलापाशी आली, धायरीची पाटी दिसली, आणि गंधारने डोळे चोळत विचारले, 'आलं घर. उतरायचं का?' आदल्या दिवशी धायरीहून कोथरूडला येऊन दुसऱ्या दिवशी कोथरूडहून धायरीवरून जाण्यात काय शास्त्र आहे, असे तो विचारू लागला. मी त्याला डोंगर बघायला सांगितले.

भोरच्या अलीकडे मैत्री जागी झाली. तिने आधी मूठ उघडून पाहिली, मग दुसरी. मग माझ्याकडे पाहिले. पोलिसाला जसा चोर कळतो तसा मी तिला कळलो. मी सांगितले की मऊ पुढे गेले आहे, तुझी जागा धरायला. तिने विचारले, कुणाबरोबर? म्हटले, चैतालीमावशीबरोबर. त्यावर ती फार शांतपणे म्हणाली, 'तिचं नाहीये ते.' आणि तिने रडायला सुरुवात केली. ते रडणे हट्टाचे नव्हते, ताई. ते घाटाच्या तोंडापर्यंत चालले.

तिथे चैतालीचा फोन आला. म्हणाली, 'काका, मिस्ड कॉल बघितला. अजिबात टेन्शन घेऊ नका. तुमचं गाठोडं मागच्या सीटवर आहे, बेल्ट लावलाय त्याला. दक्षिणेलाच चाललोय.' ती मंडळी हमरस्त्याने कोल्हापूर, तिथून आंबोली, तिथून मालवणच्या समुद्राला निघालेली. अस्मिता पुढच्या सीटवरून म्हणाली, 'मामा, सांग तिला परत फिरायला.' आता आदल्या संध्याकाळी ज्या तोंडाने मी 'मागे फिरवायचे नाही' असे बजावले, त्याच तोंडाने 'फिरव' कसे म्हणणार? मी क्षणभर, केवळ तत्त्व म्हणून, अडखळलो. तेवढ्या अवधीत वरंधा घाट लागला आणि रेंज गेली. आमोद म्हणाला, 'मामा, पुढच्या वेळी तुमच्या शास्त्रात लाईव्ह लोकेशन टाका.' मी त्याच्यावर आरशातून जो कटाक्ष टाकला तो वाया गेला, कारण तो वळणाकडे बघत होता. ते योग्यच होते.

वरंधा घाटाचे वर्णन करावे असा तो आहे, पण मी तो पाहिलेला नाही. मी एका प्लास्टिकच्या पिशवीचे तोंड धरून बसलो होतो. आलेपाक बेल्ट लावून मालवणला चालला होता. गंधारला पिशवी पुरली. मैत्रीला पुरली नाही, आणि तिने जवळचे वस्त्र म्हणून माझे उपरणे वापरले. कुठले उपरणे, विचार. संस्कृत सभेने तीस वर्षांच्या अध्यापनाबद्दल भर सभेत अंगावर घातलेले, जरीकाठाचे, खळीने असे कडक की भिंतीला टेकवून उभे राहावे. मी ते गाडीच्या थंड हवेपासून मानेचे रक्षण व्हावे म्हणून घेतले होते. एका टपरीमागच्या नळाखाली श्यामलेने ते दगडावर आपटून धुतले. तीस वर्षांची खळ तिने पाच मिनिटांत काढली, आणि त्यात तिला गेल्या कित्येक दिवसांत मिळाले नव्हते इतके समाधान मिळालेले दिसले.

महाबळेश्वरला सारे कोथरूड आधीच पोचले होते. गाडी लावायला जागा मिळेपर्यंत गावाला आमच्या तीन प्रदक्षिणा झाल्या. प्रत्येक पॉइंटावर गर्दीत पुढच्या माणसाची टोपी आणि तिच्या पलीकडे धुरकट ऊन. गंधारने प्रत्येक डोंगर नीट निरखून एकच निर्णय दिला, की हा सिंहगडच आहे, फक्त मागच्या बाजूने. त्या सपाटीवर उभे राहून ती दरी बघताना माझ्या मनात नाना आले आणि त्यांचे मिरजेचे गाठोडे आले, पण खाली बघायला वाकलो तेव्हाही मैत्रीने माझे बोट सोडले नव्हते. (ती अजून माझ्याशी बोलत नव्हती. बोट धरणे आणि बोलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे तिचे मत असावे.)

मुक्कामाला तिला पर्याय देऊन पाहिले. टॉवेल, उशीचा अभ्रा, अस्मिताची ओढणी, आमोदचा बनियन. तिने एकेक वस्तू नाकाशी नेली आणि परत केली, एखाद्या जुन्या अत्तरवाल्याने नकली माल परत करावा तशी, न रागावता. कुणी झोपले नाही. शेजारच्या खोलीतल्या गृहस्थांनी भिंतीवर टकटक केले, नंतर तेही थकले असावेत. उजाडायच्या सुमाराला मी बाहेर खुर्चीवर, वाळलेले उपरणे गळ्याभोवती गुंडाळून बसलो होतो. ती आली, मांडीवर चढली, उपरण्याचे टोक नाकाशी नेले. थांबली. पुन्हा नेले. खळ गेल्यामुळे ते आता मऊ झाले होते आणि त्याला बहुधा माझा, नळाच्या पाण्याचा आणि तिचा स्वतःचाच वास होता. 'हे चालेल,' असे म्हणून ती झोपली. मी हललो की जागी. उपरणे गळ्यातून काढले की जागी. उपरणे आणि माझी मान हा एकच पदार्थ आहे, असा तिचा समज झाला आहे.

इकडे चैताली कर्तव्यात तसूभर चुकत नव्हती. रेंज येईल तिथे तिचे फोटो येत. गाठोडे कोल्हापुरात, तांबड्या रश्श्याच्या वाटीपासून सुरक्षित अंतरावर. गाठोडे आंबोलीच्या धुक्यात. गाठोडे मालवणच्या वाळूत, मागे सूर्यास्त. आम्ही घाटात वांत्या पुसत असताना गाठोडे अंगाला वारा लावून घेत होते. श्यामला प्रत्येक फोटो मला दाखवी आणि म्हणे, 'बघा हो, तुमच्या प्रस्थानाचं बरं चाललंय.' मी तिला तेव्हाच सांगितले आणि तुलाही सांगतो, की शास्त्र खोटे ठरलेले नाही. बुधवारी जे निघाले त्याचा प्रवास उत्तम झाला. गुरुवारी जे निघाले त्यांचे हाल झाले. यात चुकले कुठे?

आता मुद्द्याचे. आम्ही परत आलो, पण मैत्री परत आलेली नाही. म्हणजे आली, पण झोप माझ्या गळ्यात ठेवून आली. रात्री दमून कशीबशी झोपते, पण दुपारी तिला उपरणे लागते. उपरणे मी धायरीला देणार नाही, तो माझा सत्कार आहे. तेव्हा अस्मिता रोज भर दुपारी सिंहगड रोडच्या रहदारीतून तिला आमच्याकडे आणते. मी खुर्चीत बसतो, ती मांडीवर बसते, आणि पुढचे दोन तास मी या घरातला सर्वांत स्थिर पदार्थ असतो. दाराची बेल वाजली तरी उठायचे नाही. शिंकायचे नाही. वाचायचे नाही, कारण चष्मा मालवणला. मान डावीकडे वळायची बंद झाली ती यामुळे. शिवाय व्याख्यानमालेत माझे व्याख्यान तोंडावर आले आहे, विषय 'अपरिग्रह'. एका उपरण्यासाठी चार वर्षांच्या मुलीशी झगडणाऱ्या माणसाने अपरिग्रहावर कोणत्या तोंडाने बोलावे? चैताली कधी परतणार ते कळत नाही. तेव्हा ताई, ट्रंकेत त्या इरकली लुगड्याचा उरलेला पदर असेल, त्याचा वीतभर तुकडा फाडून, न धुता, तत्काळ कुरिअरने पाठव. न धुता, हे दोनदा वाच. तुझा वास त्यात असायला हवा. पुन्हा मुलांना डोंगर दाखवायचे तुझ्या मनात आले तर भावोजींना घेऊन स्वतः ये आणि दाखव.

भावोजींना नमस्कार. भाडेकरूंना आशीर्वाद, त्यांना त्याची गरज आहे.

तुझा, सध्या एकाच दिशेला पाहणारा भाऊ,
श्यामसुंदर

ता. क. अस्मिताने वरचे सगळे वाचले आहे, कारण तिच्याच आग्रहावरून लिहिले. ती म्हणाली, 'मामा, आईला एवढंच सांगायचं होतं ना, तुकडा पाठव म्हणून? त्याला एवढं रामायण?' मुलीची विद्वत्ता तुझ्यावर गेली आहे.

ता. क. दुसरा. अस्मिता मैत्रीला घेऊन आताच गेली. आता खरे लिहितो. चैताली परवाच परतली. गाठोडे जसेच्या तसे, गाठही न सोडता तिने माझ्या हातात दिले आणि वर मालवणचे काजू दिले. चष्मा मिळाला. आलेपाक, गंधारचा दात, आमोदची वायर सवडीने ज्याची त्याला देईन. मऊ माझ्या कपाटात आहे, जाड कोशांच्या मागे, जिथे या घरात माझ्याशिवाय कुणाचा हात जात नाही. ते मी कुणाला सांगितलेले नाही. ताई, शाळेला सुट्टी लागली की या घरातली दुपार किती लांब असते, ते तुला तिकडे बसून कळायचे नाही. आता ती दोन तासांची झाली आहे, आणि त्यातही एक तास मी ती झोपेत कुणाकडे बघून हसते ते ओळखत बसतो. तेव्हा तुकडा पाठवू नकोस. अस्मिताने फोन केला तर लुगडे सापडत नाही म्हण. तुला सापडले तरी सापडत नाही म्हण. शाळा उघडेपर्यंत फक्त. अपरिग्रहावरचे व्याख्यान मी रद्द करून घेतले आहे. घसा बसला असे कळवले.

वन्सं, नमस्कार. पाकीट चिकटवायला ह्यांनी माझ्याकडे दिलं, म्हणून दोन ओळी माझ्या. तुम्ही लुगडं फाडू नका. कोशांमागचा तुकडा मी पहिल्याच दिवशी पाहिला, कपाट पुसताना. अस्मितालाही दाखवला. ती म्हणाली, 'मामी, राहू दे तिथंच. मैत्री मामाच्या मांडीवर असते तेवढे दोन तास मी तुमच्या आतल्या खोलीत झोपते. चार वर्षांनी दुपारची झोप मिळतेय.' पत्राचा आग्रहही तिने ह्यांना संशय येऊ नये म्हणूनच धरला. तेव्हा तुम्ही, मी, ती, सगळ्यांनी गप्प राहायचं. ह्यांना वाटतं ते एकटेच फसवतायत. वाटू दे. मानेला मी रोज रात्री शेक देते. — श्यामला